दोन आण्यांची सही

दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताचे, सुपारीचे कात्रे अजून वर लटकत होते. ते आमच्याच कुळागरातले, सुपारीच्या बागेतले. त्यांच्याखाली बसून दादानं पिशवीतून एक पाकीट काढलं आणि सात पानांचा टाईप केलेला कागद माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "सही मार गो. फॉर्म्यालिटी फकत. सोमवारी डिचोलेंत वचपाक जाय, भावोजींकूय हाड."

ही २०२२ सालची गोष्ट. बाबा आदल्या वर्षीच्या पावसात गेले होते. आम्ही चार भावंडं: दादा, मी, धाकटी बहीण आणि ठाण्यात असलेला धाकटा भाऊ. आई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची. दादाच गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या घरात राहतो, आईचं सगळं तो आणि वहिनी करतात, कुळागराचं पाणी, शिपणं, सुपारीची काढणी सगळं त्याच्याच अंगावर. म्हणून दादानं पुढं केलेला कागद वाचायचा असतो हेसुद्धा माझ्या मनात आलं नसतं. पण त्या दिवशी चष्मा डोळ्यांवर होता आणि पहिल्याच पानावर एक शब्द अडला. मी 'इलिक्विड अँड अनडिव्हायडेड' असा माझा हक्क सोडते, असं तिथं लिहिलं होतं. मी बी. ए. झालेली आहे, वर्तमानपत्र रोज वाचते, तरी मला त्या दोन शब्दांचा अर्थ लागला नाही. मी म्हटलं, "दादा, मी घेऊन जाते, वाचून सांगते." त्यानं मान हलवली. पण वहिनीचा चहा आला तेव्हा तो उठून मागच्या दारी निघून गेला होता.

सोमवारी मी गेले नाही.

पुढचे दोन महिने मी ज्या ज्या लोकांना विचारलं त्यांतलं कुणीही वकील नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्याकडे बहुतेक जण असंच करतात. कोर्टाची पायरी चढायची म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगायची, असं मनात खोल बसलेलं असतं. आधी मी फोंड्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करणाऱ्या, चांगल्या ओळखीच्या माणसाला कागद दाखवला. तो म्हणाला, "बहिणी सह्या देतातच वहिनी, नाही दिली तर माहेर तुटतं." हे त्यानं प्रेमानं सांगितलं, पण तो काही कायदा नव्हता. मग पुण्याच्या मावसबहिणीनं मला मोबाईलवर दोन व्हिडिओ पाठवले. एकात २००५ सालच्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीबद्दल होतं, दुसऱ्यात २०२० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाबद्दल. मुलीला जन्मापासूनच वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा, असं त्यात होतं. मी ते तीन वेळा ऐकलं आणि फुशारकीनं ह्यांना सांगितलं, की बघा, माझा चौथा हिस्सा आहे. हे विद्युत खात्यात तीस वर्षं काढलेले, बोलायला सावकाश. एवढंच म्हणाले, "तो कायदा गोव्याला लागतो का, ते विचार."

लागत नाही. हे मला पुढं कळलं. त्या दिवशी ह्यांनी तो प्रश्न विचारला नसता तर मी दादाशी त्या व्हिडिओच्या जोरावर भांडले असते.

दसरा झाल्यावर मी डिचोलीच्या बाजारातल्या एका वकिलांकडे गेले. बाबा त्यांचं नाव घ्यायचे, म्हणून धीर आला. त्यांनी पहिलं पान पाहिलं आणि कागद मिटून माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "बाई, हा मसुदा माझ्याच ऑफिसातला आहे. तुमच्या भावाचं काम माझ्याकडे आहे. मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही, आणि तुम्हीही मला काही सांगू नका." मला अपमान झाल्यासारखं वाटलं, डोळे भरून आले. ते उठून दारापर्यंत आले आणि म्हणाले, "कोर्टात कायदा सेवेचं ऑफिस आहे, तिथं जा. फी पडणार नाही." आज त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. दोन मिनिटं गोड बोलून ते माझ्याकडून सही घेऊ शकले असते.

फुकट वकील हा ज्यांच्याकडे काहीच नाही अशांसाठी, असं मी समजून चालले होते. आमचं स्वतःचं घर, ह्यांचं पेन्शन. तिथं बसलेल्या मुलीला मी दारातूनच म्हटलं, "आमचं उत्पन्न बसणार नाही बहुतेक." तिनं मला आत बोलावून बसवलं. १९८७ सालच्या कायदेशीर सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात कुणाकुणाला मोफत कायदेशीर मदत मिळते त्याची यादी आहे, आणि त्या यादीत स्त्रिया आहेत. कुठल्या उत्पन्नाच्या स्त्रिया, असं त्यात नाही. नुसत्या स्त्रिया. अनुसूचित जाती-जमातींची माणसं, मुलं, अपंग, कामगार हेही आहेत. उत्पन्नाची मर्यादा बाकीच्यांना. मी एका साध्या कागदावर अर्ज लिहिला, आधारची प्रत जोडली. १५१०० हा फोन क्रमांकही तिनं लिहून दिला, देशभर त्याच क्रमांकावर अशी मदत विचारता येते. माझ्या वयाच्या किती बायकांना हे ठाऊक असेल? मी त्या दिवसापासून आमच्या महिला मंडळात हे कलम बारा इतक्यांदा सांगितलंय, की आता त्याच मला सांगतात.

आठ दिवसांनी पॅनेलवरच्या वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी काय झालं ते विचारलंच नाही. म्हणाल्या, "येताना तुमच्या बाबांचा मृत्यूचा दाखला, आईबाबांच्या लग्नाच्या नोंदीचा दाखला, प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदा आणि घरात जुना पोर्तुगीज कागद असेल तर तो घेऊन या."

लग्नाचा दाखला? मी चक्रावले. मृत्यूनंतरच्या वाटणीत लग्नाचा काय संबंध?

डिचोलीच्या नोंदणी कार्यालयात त्यासाठी मी तीन खेपा घातल्या. आईला तारीख आठवेना. "आंब्यांच्या दिसांनी जालें," एवढंच ती सांगे. शेवटी १९६६ च्या वहीत नोंद सापडली. एक-चौदा म्हणजे आपल्या गोव्यातला जमिनीचा उतारा, त्याच्या प्रती सहज मिळाल्या. एकावर कब्जेदार म्हणून बाबांचं नाव होतं, तर विहिरीच्या अंगाच्या छोट्या तुकड्यावर थोरल्या काकांचं. ते बघून माझा जीव खाली-वर झाला. वकीलबाई म्हणाल्या, उताऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, पण त्या नोंदीनं कुणी मालक होत नाही. मालकी कुठून आली ते दाखवणारा कागद लागतो.

तो कागद आईच्या ट्रंकेत होता. लुगड्यांच्या खाली, मेणकापडात गुंडाळलेला. आजोबा १९५४ साली वारले आणि १९५६ साली कोर्टात त्यांच्या मिळकतीची वाटणी झाली, त्याची ती नक्कल. सगळी पोर्तुगीजमध्ये. आमचं आडनाव कामत, त्यात ते 'कामोतिम' लिहिलेलं. बाबांच्या पासपोर्टवर 'कामथ'. एकाच माणसाची तीन आडनावं, म्हणून पुढं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पणजीत लिसेवमध्ये, पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेले ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ अजून भाषांतरं करून देतात, त्यांच्याकडे मी आणि हे गेलो. त्यांनी भिंग काढलं आणि वाचता वाचता मध्येच थांबून विचारलं, "ही बाई कोण तुमची?"

ती माझी आजी होती. त्या कागदात तिच्या नावापुढं 'काबेसा द काझाल' असं लिहिलं होतं. मिळकतीची यादी कोर्टापुढं ठेवायची, वारस कोण ते शपथेवर सांगायचं आणि वाटणी होईपर्यंत सगळं सांभाळायचं, हे काम कायद्यानं तिच्याकडे सोपवलेलं. आणि यादीच्या शेवटी, वाटे पाडण्याआधीच, निम्मी मिळकत तिची म्हणून बाजूला काढलेली. ती विधवा म्हणून मेहेरबानीनं दिलेली नव्हे. तिचीच, लग्नापासूनची. मला आठवते ती आजी मागच्या पडवीत बसणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी, देवळाच्या फंडाला चार आणे द्यायचे तरी बाबांकडे मागणारी. तिला हे कुणी सांगितलं होतं का? त्या कागदावर तिचा अंगठा आहे. मी भाषांतरकारांच्या टेबलावर तो अंगठा कितीतरी वेळ बघत बसले.

हा कागद घेऊन मी वकीलबाईंसमोर बसले आणि त्यांनी मला गोव्याचा कायदा शिकवला. मला जसा समजला तसा सांगते.

१८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा इथं १८७० पासून लागू आहे. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावरही लग्न आणि वारसा यांपुरता तो तसाच राहिला. हिंदू असो, ख्रिस्ती असो, मुसलमान असो, गोंयकाराला तोच. म्हणून पुण्याच्या बहिणीचे व्हिडिओ माझ्या कामाचे नव्हते. वारसा आणि वाटणी यांचे नियम आता २०१२ सालच्या गोव्याच्या स्वतंत्र कायद्यात आहेत, तो २२ डिसेंबर २०१६ पासून अमलात आला. पण मूळ तत्त्वं जुनीच. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्न झालं की नवरा-बायकोचं सगळं एक होतं. नंतर मिळवलेलं, आधीचं, माहेरहून वारशानं आलेलंसुद्धा. आणि त्या सगळ्यात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा.

वकीलबाईंनी एक कागद घेतला आणि म्हणाल्या, "सोळा आणे धरू." त्यातले आठ आणे त्यांनी एका बाजूला लिहिले. "हे आईचे. बाबा गेले म्हणून मिळाले नव्हेत, १९६६ पासून तिचेच आहेत. तुम्ही चौघांनी त्यांना हात लावायचा नाही." म्हणून लग्नाचा दाखला! उरलेले आठ आणे बाबांचे. त्यांचे चार भाग. "तुमचे दोन आणे."

मी विचारलं, "बाबा तोंडानं म्हणायचे, की घर दादालाच."

"तोंडी बोलण्याला इथं किंमत नाही. आणि त्यांनी मृत्युपत्र केलं असतं, तरी स्वतःच्या आठ आण्यांतले चारच त्यांना मनाप्रमाणे देता आले असते. बाकीचे चार मुलांसाठी कायद्यानं राखून ठेवलेले आहेत. मुलगा, मुलगी, सगळे सारखे."

मग त्यांनी दादाचा मसुदा वाचला. त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला: वाटणी न झालेला, कुठला तुकडा ते न ठरलेला हक्क. माझ्या दोन आण्यांवर माझ्या नवऱ्याचाही हक्क लागतो, म्हणून ह्यांची सही हवी होती. तसाच दादाच्या दोन आण्यांवर वहिनीचा. पण पुढचं ऐकून मी सरळ बसले. हक्कसोड ही नुसती, विनाअट, विनामोबदला करायची असते. ती 'दादाच्या नावे' होत नाही. मी सोडलेले दोन आणे उरलेल्या वारसांत वाटले जातात, एकट्या दादाकडे जात नाहीत. ज्यासाठी दादा माझ्याकडे सही मागत होता ते त्या सहीनं होणारच नव्हतं. हे त्याला कुणी समजावून सांगितलं होतं का, मला माहीत नाही. दादाही माझ्यासारखाच अर्धवट ऐकून चाललेला होता, हे माझ्या तेव्हा प्रथमच लक्षात आलं आणि माझा राग पुष्कळसा ओसरला.

वकीलबाईंनी निघताना विचारलं, "अजून काही आहे का सांगायचं? तुमच्या विरुद्ध जाणारं काही?"

मी "नाही" म्हटलं. ते खोटं होतं.

१९९८ साली आम्ही फोंड्याला घर बांधत होतो. स्लॅबच्या वेळी पैसे संपले. बाबांनी दोन लाख दिले. सुपारीचे साठवलेले, आईच्या बांगड्या मोडून पुरे केलेले. आणि दादाच्या समाधानासाठी माझ्याकडून वीस रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, की माहेरच्या मिळकतीत माझा काही हक्क राहिला नाही. मी आनंदानं सही केली होती. तो कागद दादाच्या कपाटात आहे हे मला ठाऊक होतं. आता आपण हक्क मागतोय आणि आपणच लिहून दिलंय, ही लाज मला इतकी होती की ह्यांच्याशीही मी त्यावर बोलले नव्हते. रात्री झोप येईना. दोन आठवड्यांनी मी आमोण्याचा पूल ओलांडून परत डिचोलीला गेले आणि सगळं सांगून टाकलं.

वकीलबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "जिवंत माणसाचा वारसा कुणाला सोडता येत नाही. १९९८ साली बाबा हयात होते. तुमच्याकडे सोडायला हक्कच नव्हता. तो कागद काही कामाचा नाही." चोवीस वर्षं ज्या कागदाला मी भीत होते तो एका वाक्यात संपला. मी निःश्वास टाकला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ते दोन लाख मोजावे लागतील." आईबापांनी हयातीत एका मुलाला दिलेलं वाटणीच्या वेळी पुन्हा राशीत धरतात, म्हणजे बाकीच्यांवर अन्याय होत नाही. त्याला कोलेशन म्हणतात. मी ज्याला भीत होते त्याचं ओझं नव्हतं. ज्याचा मी विचारही केला नव्हता ते देणं खरं होतं. मला ते पटलं. दादाच्या बाजूनंही कायदा बोलतो, हे ऐकून मला बरंच वाटलं.

"हे मला आज कळलं ते चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "कोर्टात समोरच्याच्या वकिलाकडून कळलं असतं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवला नसता."

त्यांनी आणखी एक विचारलं, बागायतीत मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारं कुणी, आहे का? आहे. मागच्या बांधाला लागून जिला आम्ही काकी म्हणतो तिचं घर आहे, तिच्या सासऱ्याला आमच्या आजोबांनी राखणीसाठी बसवलेलं. आमच्या आईला ताप आला की रात्री तीच येऊन बसते. दादाला भेटलेल्या दिल्लीकडच्या गिऱ्हाईकाला पूर्ण कुळागर मोकळं हवं होतं. १९७५ च्या मुंडकार कायद्यानं काकीला तिथून कुणी उठवू शकत नाही आणि मामलेदाराकडे जाऊन ती घराखालची जागा विकतही घेऊ शकते. जमीन विकली तरी तिचा हक्क विकला जात नाही. वकीलबाईंनी हे मला पत्रात लिहून दिलं. ते पत्र मी काकीलाही वाचून दाखवलं. ते तिच्याही कामाचं होतं.

जानेवारीत आम्ही कोर्टात इन्व्हेंटरीचा, म्हणजे मिळकतीची यादी करून वाटणी करण्याचा, अर्ज घातला. दादा सहा महिने माझ्याशी बोलला नाही. त्याबद्दल जास्त लिहवत नाही. मोबाईल वाजला की वाटायचं, त्याचा असेल. शिगमा गेला, आंबे गेले. आईला फोन केला की मागून त्याचा आवाज यायचा आणि लगेच दार लागायचं.

धाकटा भाऊ वेगळ्याच गोष्टीवर अडून बसला. बाबा काही वर्षं मुंबईत नोकरीला होते, तेव्हा घेतलेली ठाण्यातली दोन खोल्यांची जागा अजून बाबांच्या नावावर आहे आणि तो तिथं राहतो. त्याचं म्हणणं, ती जागा महाराष्ट्रात, तिला तिथला कायदा. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये नेमका ह्याच प्रश्नावर निकाल दिलेला आहे: गोव्याचा रहिवासी गेला तर त्याची गोव्याबाहेर असलेली मिळकतही गोव्याच्याच वारसा कायद्यानं वाटली जाते. ठाण्याच्या खोल्याही सोळा आण्यांत आल्या. ती यादीत घातली तेव्हा त्यानं मला फोन करून खूप बोलून घेतलं. मी ऐकलं. तोही तिथं पंचवीस वर्षं राहतोय, तिथल्या भिंती त्यानंच रंगवल्या.

मिळकत सांभाळणारं म्हणून कोर्ट पहिल्यांदा हयात नवऱ्याला किंवा बायकोला नेमतं. म्हणजे आई. ती तयार होईना. "म्हाका किदें कळटा तातूंतलें? दादाक विचारात." मी तिला आजीचा कागद दाखवला. आईनं आजीच्या हाताखाली वीस वर्षं काढली होती. अंगठ्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हो मांयचो?" मी हो म्हटलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, की आई तारखेला येते म्हणते, तिला कुठलं लुगडं नेसवू.

वहिनीनंच तिला हात धरून कोर्टात आणलं. शपथ घेतल्यावर न्यायाधीशांनी तिला कोंकणीत विचारलं, किती भुरगीं, त्यांची लग्नं झालीत का, कोण कुठं राहतं. आईनं चौघांची नावं सांगितली, सुना-जावयांची सांगितली. मग मिळकत. घर, कुळागर, विहिरीकडचा तुकडा, ठाण्याच्या खोल्या. आणि न विचारता म्हणाली, फाटल्या घरांतली बाय थंयच रावतली, म्हणजे मागच्या घरातली काकी तिथंच राहील. मग थोडं थांबून, की माझ्या मोठ्या मुलीला घराला दोन लाख दिलेले आहेत. ते मीच तिला सांगायला सांगितलं होतं. दादा मागच्या बाकावर बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी.

त्यानंतरचं मूल्यमापन, यादीवरच्या हरकती, तारखा हे सगळं लांबण लावणारं आहे आणि कंटाळवाणं आहे. एक तारीख न्यायाधीश रजेवर, एक तारीख बहिणीचा नवरा आला नाही म्हणून गेली. काकांच्या मुलांनी विहिरीच्या तुकड्यावर हक्क सांगितला नाही. १९५६ ची वाटणी त्यांच्या बापाला माहीत होती, ती त्यांनी मान्य केली. दिल्लीचं गिऱ्हाईक निघून गेलं.

आता पुढची पायरी वारसांच्या बैठकीची आहे. कोर्टासमोर सगळे वारस बसतात. एकमतानं कुणाला काय ते ठरवलं तर तसं लिहिलं जातं. नाही ठरलं तर भावंडांतच लिलाव होतो, जो जास्त बोलेल तो तो तुकडा घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. हे ऐकल्यापासून दादा हबकला होता. ज्या घरात तो जन्मला आणि ज्या झाडांना त्यानं पन्नास वर्षं पाणी घातलं, त्यावर ठाण्याचा भाऊ त्याच्यापेक्षा जास्त बोली लावू शकतो, ही भीती त्याला आत खात होती. ही भीती खरी आहे. मलाही ती वाटते. गेल्या चवथीला मी कापडखणाचा डबा घेऊन नेहमीसारखी गेले. आरती झाल्यावर दादा माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्यानं मला पहिल्यांदाच सही न मागता प्रश्न विचारला: "घर आवयच्या आठ आण्यांत घालूंक येता?"

येतं. सगळे तयार असतील तर येतं. मी वकीलबाईंना विचारून आले. आईच्या निम्म्यात घर, दादाकडे कुळागर, ठाण्याच्या खोल्या धाकट्याकडे, आम्हा बहिणींना पैसे, माझे दोन लाख वजा करून, काकीची जागा काकीला. कागदावर आकडे अजून जुळायचे आहेत. कुळागराची किंमत जास्त निघाली आणि दादाकडे आम्हाला द्यायला तेवढी रोकड नाही. बहीण हप्त्यांनी घ्यायला तयार आहे. मीही आहे, पण ते नुसतं तोंडानं म्हणायचं नाही, तर तारखांसकट बैठकीत लिहून घ्यायचं, हे दादालाही आता माहीत आहे. तारीख पुढच्या महिन्यात आहे.

परवा रात्री वहिनीचा फोन आला. ती दादाच्या मोबाईलवरून नाही, स्वतःच्याच मोबाईलवरून बोलत होती, हळू आवाजात. तिचं माहेर सत्तरी तालुक्यात. तिचे वडील तीन वर्षांमागं गेले आणि मागच्या रविवारी तिच्या भावानं तिला एक पाकीट दिलंय, सात-आठ पानांचं. शुक्रवारी ते ऑफिस किती वाजता उघडतं, असं ती विचारत होती.

मी तिला म्हटलं, साडेनऊला मी डिचोलीच्या बसस्टँडवर उभी असेन, आणि येताना आईबाबांच्या लग्नाचा दाखला शोधून ठेव.